पेठ की कोथरूड?

पुण्यात बिऱ्हाड थाटू इच्छिणारा मनुष्य, मग तो भाड्याने राहणार असो वा आयुष्यभराची पुंजी घालून खरेदीखत करणार असो, सदाशिव पेठ आणि कोथरूड यांची तुलना करताना प्रथम दर विचारतो. वास्तविक तो प्रश्न शेवटचा होय. पेशवाईत सदाशिवरावभाऊंच्या नावे वसलेल्या पेठेत लक्ष्मी रस्ता, मंडई, शाळा आणि दवाखाने पायी चालण्याच्या अंतरावर येतात, परंतु बोळ अरुंद, वाहन उभे करण्यास जागा दुर्मिळ, आणि कित्येक वाड्यांत जुन्या भाडेकरूंचे हक्क अद्याप जिवंत असल्यामुळे, मालकाच्या गोड शब्दापेक्षा (पेठेत तोही दुर्मिळच!) मिळकतपत्रिका व मागील तीस वर्षांचे दस्त वकिलाकडून तपासून घेणे अधिक श्रेयस्कर.

कोथरूड हे मूळचे खेडे. तेथे टेकडीचा वारा आणि उद्वाहकाची सोय असलेल्या इमारती मिळतात, आणि ६ मार्च २०२२ रोजी वनाज ते गरवारे महाविद्यालय मेट्रो सुरू झाल्यापासून शहराशी असलेला दुरावाही पुष्कळ कमी झाला आहे. तथापि, कर्वे रस्त्यावरील संध्याकाळची रहदारी अनुभवल्याखेरीज विसार देऊ नये.

माझ्या मते, घरात जिना चढू न शकणारे वृद्ध असतील तर कोथरूड, आणि वाहनाचा सोस नसेल तर पेठ. भाड्याने राहणाऱ्याने मात्र तोंडी करारावर विसंबू नये. १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियमानुसार करार लेखी व नोंदणीकृत असणे बंधनकारक असून, नोंदणीची जबाबदारी घरमालकाची आहे.