वेलांटी आणि यंत्र

‘दिवस’ हा शब्द उच्चारताना प्रथम ‘द’ येतो व मग त्यात ‘इ’ मिसळते. लिहिताना मात्र वेलांटी ‘द’च्या डावीकडे उभी राहते. हाती लेखणी असली म्हणजे याची कोणास अडचण पडत नाही. यंत्रास मात्र ती फार पडली.

टंकलेखन यंत्र पाश्चात्त्य देशांत रोमन लिपीसाठी घडले. इंग्रजीची सव्वीस अक्षरे त्याच्या चाळीस-पंचेचाळीस कळांत सहज मावत. देवनागरीत स्वर आहेत, व्यंजने आहेत, काना, मात्रा, वेलांट्या, उकार आहेत आणि शिवाय जोडाक्षरे! हा सारा पसारा तेवढ्याच कळांत बसवावयाचा होता. म्हणून ‘ख’, ‘थ’, ‘ध’, ‘भ’ ही अक्षरे अर्धीच ठेवली. काना जोडला की ती पुरी होत. पहिली वेलांटी तर अक्षराच्या आधी दाबावी लागे. मनात ‘द’ आणि बोटाखाली वेलांटी! ही उलटी सवय लावून घेण्यासाठी सोलापुरातील टंकलेखनाच्या वर्गांत मुलेमुली महिनोन्महिने बसत. मिनिटास तीस शब्दांची परीक्षा उतरली, की कचेरीतील नोकरीची आशा धरता येई.

१९६४च्या महाराष्ट्र राजभाषा अधिनियमाने मराठी ही राज्याची राजभाषा ठरली. खेड्यातील शेतकऱ्यास कचेरीतून येणारे पत्र त्याला स्वतः वाचता यावे, तर ते मराठीत टंकित व्हावयास हवे. त्याच १९६४ साली अमेरिकेत आयबीएम कंपनीने एक नवे यंत्र आणले. त्यात मजकूर चुंबकीय फितीवर साठून राही. चूक तेवढी सुधारावी, बाकीचा मजकूर यंत्र आपण होऊन पुन्हा टंकित करी. कचेरीतील या पद्धतीस वर्ड प्रोसेसिंग, म्हणजे शब्दसंस्करण, असे नाव पडले. आम्ही मात्र पुढे कित्येक वर्षे, शेवटच्या ओळीत चूक झाली की कार्बन कागद लावून सारे परिपत्रक पहिल्यापासून टंकित करीत होतो.

पुढे संगणक आले, पण त्यांनाही रोमन लिपीच येत होती. कानपूरच्या आयआयटीत ‘जिस्ट’ हे तंत्र सिद्ध झाले आणि १९८८ साली पुण्यात स्थापन झालेल्या सी-डॅक या संस्थेने ते पुढे नेले. संगणकात जिस्टचे कार्ड बसविले, की पडद्यावर देवनागरी अक्षरे उमटत. आता ‘द’ आधी दाबावा, मग वेलांटी. तिला डावीकडे नेऊन ठेवणे हे यंत्राचे काम! माणसाने यंत्रासारखे लिहावे याऐवजी यंत्र माणसाच्या उच्चाराप्रमाणे चालू लागले. १९९१ साली हा कळफलक राष्ट्रीय मानकात समाविष्ट झाला.

सोलापूरकरांस यातील आणखी एक गोष्ट आवडावी. आपल्या एकाच पेठेत मराठी, कानडी व तेलुगू कानी पडतात. या कळफलकावर तिन्ही लिप्यांतील ‘क’ एकाच कळेवर आहे. एका लिपीत हात बसला, की दुसरीत नव्याने बसवावा लागत नाही.

जुन्या टंकलेखकांची बोटे मात्र वेलांटी आधी दाबण्याचे सोडीनात. शेवटी त्यांच्यासाठी संगणकावरही जुनी मांडणी द्यावी लागली. ती आजही मिळते.