एका वेळी एकच सूर

आपण सूर न बदलता ‘आ’ म्हणत म्हणत ओठांचा चंबू करून ‘ऊ’वर येऊ. पट्टी तीच राहते, पण आवाजाचा पोत बदलतो. कंठातून निघणाऱ्या ध्वनीत अनेक वारंवारता मिसळलेल्या असतात. तोंडाचा आकार बदलला की त्यांतल्या काही उठून येतात, काही दबतात. मूग सिंथेसायझरचे तत्त्वही असेच आहे. त्यातला आंदोलक ध्वनी निर्माण करतो आणि फिल्टर त्याला रूप देतो. आंदोलकाला दिलेला विद्युतदाब एक व्होल्टने वाढवला की वारंवारता दुप्पट होते, म्हणजेच सूर एक सप्तक वर चढतो.

भौतिकशास्त्र आणि संगीत दोन्ही शिकलेल्या अमेरिकन संगीतकार वेंडी कार्लोस यांनी १९६८ साली या यंत्रावर बाखच्या रचनांची ध्वनिमुद्रिका काढली. यंत्रातून एका वेळी एकच सूर निघे. त्यामुळे प्रत्येक स्वरावली वेगळी वाजवून आठ पदरी फितीवर मुद्रित करावी लागे. खोलीचे तापमान बदलले की आंदोलक बेसूर होत, मग पुन्हा जुळवणी! याच चिकाटीवर पुढे त्यांनी ‘अ क्लॉकवर्क ऑरेंज’ (१९७१) आणि ‘ट्रॉन’ (१९८२) या चित्रपटांना संगीत दिले.

यंत्र आले की कष्ट संपले, असे विद्यार्थी सहज म्हणतात. तेव्हा त्यांना ही हकीगत जरूर सांगूया.