घरचं वीजबिल थकलंय? लाइनमन दारात येण्याआधी एवढं करा

तालुका प्रतिनिधी : सोयाबीन घरात, भाव पडलेला आणि हातात तीन महिन्यांचं एकदम आलेलं वीजबिल. गावोगावी हीच तक्रार ऐकायला मिळते. मजुरी करणाऱ्या घराला एवढे पैसे एका दमात भरणं जमत नाही. पण घाबरून बिल गुंडाळून ठेवू नका, व्याज वाढतच जातं.

आधी बिलावरचं मागील आणि चालू रिडिंग बघा. दोन्ही आकडे सारखेच असतील किंवा 'लॉक', 'फॉल्टी' असा शेरा असेल, तर ते बिल अंदाजे लावलेलं आहे. लगेच मीटरचा फोटो काढा. आमच्याच घरी असं झालं होतं, फोटो होता म्हणून बिल दुरुस्त झालं.

दुसरी गोम युनिटच्या टप्प्यांची. घरगुती वीज महिन्याला 100 युनिटपर्यंत स्वस्त, पुढे दर चढतो. समजा तीन महिन्यांचे मिळून 210 युनिट झाले. महिन्याला 70 धरले तर सगळे स्वस्त टप्प्यात बसतात. तेच एका महिन्यात धरले तर 110 युनिट महागात जातात. म्हणून युनिटची विभागणी महिन्यांवर केली आहे का, हे कार्यालयात विचाराच.

बिल बरोबर असेल आणि पैसेच नसतील, तर उपविभागीय कार्यालयात हप्ते पाडून मागा. तोंडी नको, साध्या कागदावर अर्ज द्या अन् पोच घ्या. हप्ते मिळतीलच असं नाही, पण अर्ज नसेल तर बोलायला जागाच राहत नाही.

वीज तोडण्याबाबत विद्युत कायदा 2003, कलम 56 लक्षात ठेवा. तोडण्याआधी पूर्ण 15 दिवसांची लेखी नोटीस द्यावी लागते. बिलाबद्दल वाद असेल तर मागितलेली रक्कम किंवा मागच्या सहा महिन्यांच्या सरासरीप्रमाणे होणारी रक्कम, यातली जी कमी असेल ती 'हरकत राखून' भरा. मग वाद मिटेपर्यंत वीज तोडता येत नाही. ही गोष्ट खिडकीवर कोणी आपणहून सांगत नाही, म्हणून इथं लिहिली.

कार्यालयात दाद लागली नाही तर ग्राहक तक्रार निवारण मंच आहे, त्याच्यावर विद्युत लोकपाल. फोनवर तक्रार 1912 वर करता येते. तक्रार क्रमांक बिलाच्या मागेच लिहून ठेवा, म्हणजे हरवणार नाही.