तीन इंजिनांवर अटलांटिक

२००५ सालच्या फेब्रुवारींतील एका रात्रीं ब्रिटिश एअरवेजचें बोइंग ७४७ जातीचें विमान सुमारें साडेतीनशें उतारू घेऊन लॉस एंजेलिसहून लंडनला निघालें. चाकांनीं जमीन सोडली न सोडली तोंच डाव्या पंखाखालील आंतल्या इंजिनांतून धडाधड आवाज होऊन ज्वाला बाहेर पडल्या. मनोऱ्यावरील नियंत्रकासही त्या दिसल्या. वैमानिकांनीं तें इंजिन बंद केलें. आतां परतावें कीं पुढें जावें?

घरीं बसून ऐकणारा म्हणेल, यांत विचार तो कसला! परंतु परतणेंही वाटतें तितकें सोपें नसतें. लांबच्या प्रवासास निघालेलें विमान इंधनानें इतकें जड असतें कीं, उतरण्यापूर्वीं तें कित्येक टन इंधन समुद्रावर सोडून द्यावें लागतें. शिवाय चार इंजिनांचें हें विमान तिहींवर व्यवस्थित उडतें. अमेरिकन कंपन्यांना लागू असलेल्या नियमांतही तशी मोकळीक आहे. तीन वा अधिक इंजिनांपैकीं एकच बंद पडल्यास मुख्य वैमानिकानें बिघाडाचें स्वरूप, वजन, इंधन, हवा आणि खालचा प्रदेश पाहून दूरचा तळ निवडावा. मात्र तो जवळच्याइतकाच निर्धोक असला पाहिजे. ब्रिटिश कंपनीचें धोरणही याच वळणाचें होतें.

कंपनीशीं बिनतारी बोलणें झालें आणि विमान पूर्वेकडे वळलें. उतारूंचें मत घेण्याची अशा वेळीं रीत नसते. हा निर्णय एकदां घेऊन मोकळें होण्यासारखा नव्हता. अमेरिका ओलांडीपर्यंत खालीं जागोजाग तळ होते, तेव्हां विचार बदलतां येत होता. पुढें समुद्र होता. किनाऱ्याजवळ इंधनाचा हिशेब पुन्हां मांडला, तो जमला.

तिहींवर विमान उडेल, याविषयीं शंका नव्हतीच. आणखी कांहीं उणें पडल्यास हातीं काय उरेल, हा प्रश्न अधिक कठीण होता. अटलांटिकवर हवी ती उंची मिळाली नाहीं. खालच्या दाट हवेंत इंधन अधिक जळतें. त्यांत बंद इंजिनाचा अडथळा, आणि वाराही अनुकूल नव्हता. ब्रिटन जवळ आलें तेव्हां एका टाकींतील इंधन वापरतां येईल कीं नाहीं, अशी वैमानिकांना धास्ती वाटूं लागली. लंडनचा बेत सोडून, संकटाची सूचना देऊन, त्यांनीं मँचेस्टरला विमान सुखरूप उतरविलें.

ब्रिटिश चौकशींत असें दिसलें कीं, इंधन वस्तुतः पुरेसें होतें. तीन इंजिनें चालू असतां टाक्यांतील इंधन कसें सांभाळावें, याचें शिक्षण मात्र अपुरें होतें. असें उड्डाण पुढें चालू ठेवण्याबाबत स्पष्ट मार्गदर्शन असावें, अशीही शिफारस झाली. अमेरिकन विमान-खात्याला तर तें विमान उडण्यास योग्यच नव्हतें असें वाटलें, आणि त्यानें दंडाचा प्रस्ताव मांडला.

२०२० सालीं त्या कंपनीनें आपलीं सर्व ७४७ विमानें सेवेंतून काढून टाकलीं. आज लांबच्या मार्गांवर बहुतेक दोन इंजिनांचींच विमानें जातात, आणि त्यांतील एक बंद पडलें कीं लौकरांत लौकर गांठतां येईल असा योग्य तळ वैमानिकास पाहावाच लागतो.