पाचवा प्रश्न

परवा एका मैत्रिणीचा फोन आला. लेक बारावी झाली आहे आणि वकिली करायची म्हणून हटून बसली आहे. मैत्रिणीचा विरोध नाही, पण काळजी आहे. ‘‘अगं, ती फार शांत आहे गं. चार माणसांत तोंड उघडत नाही. कोर्टात भांडणार कशी?’’

मला हसू आलं. पंचवीस वर्षांपूर्वी माझ्या आईनंही हेच विचारलं होतं. सिनेमातल्या वकिलांनी आपलं सगळ्यांचं फार नुकसान केलंय. टेबलावर हात आपटायचा, ओरडायचं आणि साक्षीदार पिंजऱ्यात ढसाढसा रडून गुन्हा कबूल करणार! तालुक्याच्या कोर्टात असलं काही मी अजून पाहिलेलं नाही. तिथं साक्षीदार हळू आवाजात बोलतो, न्यायाधीश त्याचं उत्तर सांगतात, स्टेनो ते टाइप करतो, आणि शेवटी जे टाइप झालं तेवढंच खरं. ओरडणं काही कागदावर उतरत नाही.

मैत्रिणीला मी फोनवर जे सांगितलं नाही, ते इथे सांगते.

२००३ सालची गोष्ट. सनद घेऊन मला चार वर्षं झाली होती. सरांच्या ऑफिसात ज्युनियर होते. म्हणजे तारखा घ्यायच्या, मुदतीचे अर्ज लिहायचे, नकला काढायच्या, पुकारा झाला की ‘‘सर येताहेत’’ म्हणून उभं राहायचं. एक पोटगीचं प्रकरण होतं. शोभा (नाव बदललं आहे), पदरात एक मुलगी, माहेरी भावाच्या आश्रयाला. स्वतःसाठी दीड हजार आणि मुलीसाठी पाचशे रुपये महिना मागितले होते. त्या दिवशी नवऱ्याचा उलटतपास होता आणि सर ऐनवेळी जिल्ह्याला अडकले. निरोप आला, ‘‘मुदत घे.’’

मी मुदत घेतली नाही. शोभाची ती चौथी तारीख होती. प्रत्येक वेळी मजुरी बुडवून, एसटीचं भाडं भरून ती यायची आणि पुढची तारीख घेऊन जायची. तिची दया आली हे खरं. पण खोटं कशाला बोलू, मलाही एकदा पिंजऱ्यासमोर उभं राहायचं होतं.

नवऱ्यानं सरतपासणीत सांगितलं होतं, ‘मी फक्त मजुरी करतो, मला दुसरं उत्पन्न नाही.’ माझ्या हातात डेअरीच्या पावत्या होत्या. मी विचारायला सुरुवात केली.

‘‘तुमच्या घरी चार म्हशी आहेत?’’ ‘‘हाईत.’’

‘‘त्यांचं दूध तुम्ही डेअरीला घालता?’’ ‘‘घालतो.’’

‘‘डेअरीतलं खातं तुमच्या नावावर आहे?’’ ‘‘हाय.’’

‘‘दर दहा दिवसांनी दुधाचा पगार तुम्हीच सही करून घेता?’’ ‘‘घेतो.’’

इथे मी खाली बसायला हवं होतं. पण मागच्या बाकावर दोन-तीन वकील ऐकत होते, साहेबांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं होतं, आणि मला वाटलं आता शेवटचा घाव घालावा. मी आवाज चढवला, ‘‘मग फक्त मजुरी करतो असं कोर्टात का सांगितलंत?’’

तो शांतपणे म्हणाला, ‘‘म्हशी थोरल्या भावाच्या हाईत. त्यो दिसभर रानात असतो, म्हणून खातं माझ्या नावावर काढलं. पैसं त्यालाच देतो.’’

झालं. माझ्याकडे पुढचा प्रश्नच नव्हता. निकालात ते वाक्य जसंच्या तसं आलं: खाते जाबदाराच्या नावे असले तरी उत्पन्न भावाचे असल्याचे त्याने उलटतपासात सांगितले असून ते खोडून काढलेले नाही. शोभाला सहाशे आणि मुलीला तीनशे रुपये मंजूर झाले.

पण खरा धक्का निकालाचा नव्हता. निकाल समजावून सांगितल्यावर शोभा साधेपणानं म्हणाली, ‘‘पण ताई, थोरल्या दिरांचं वेगळं खातं हाय की त्याच डेअरीत. माझ्या लग्नाच्या आधीपासनं.’’

‘‘अगं, मग सांगितलं का नाहीस?’’

‘‘मला कुणी इचारलंच न्हाई.’’

सर माझ्यावर रागावतील असं वाटलं होतं. ते रागावले नाहीत; त्याचं जास्त लागलं. त्यांनी फक्त दोन गोष्टी सांगितल्या. उलटतपासात ‘का’ विचारायचं नाही. ‘का’ म्हणजे साक्षीदाराला भाषणाची परवानगी. आणि दुसरी, ज्याचं उत्तर आपल्याला आधीच माहीत नाही आणि जे सिद्ध करायला हातात कागद नाही, तो प्रश्न तोंडात आला तरी गिळायचा. वर निकालावर जायचं म्हटलं तरी पुरावा तोच राहणार, म्हणून त्यांनी थांबायला सांगितलं. पोटगीची रक्कम परिस्थिती बदलली की वाढवून मागता येते.

तीन वर्षांनी मुलगी मोठ्या शाळेत गेली, खर्च वाढला. तेव्हा मी अर्ज टाकला. या वेळी आधी शोभाला घेऊन तीन दुपारी बसले. कायद्याचं एक अक्षर न बोलता नुसतं विचारत गेले. घरात सकाळी कोण उठतं, धार कोण काढतं, डेअरीत कोण जातं, पगाराच्या दिवशी बाजार कोण करतं... दोन वह्या भरल्या. मग डेअरीच्या सचिवांना रजिस्टर घेऊन साक्षीला बोलावून घेतलं आणि दोन्ही भावांच्या खात्यांच्या उताऱ्यांना निशाणी पडली. नवरा पिंजऱ्यात आला तेव्हा पहिले चार प्रश्न तेच होते. पाचवा असा: ‘‘तुमच्या थोरल्या भावाचं त्याच डेअरीत वेगळं खातं आहे?’’

तो त्याच्या वकिलांकडे बघायला लागला. मग म्हणाला, ‘‘हाय.’’

मी बसले. शोभाला दीड हजार आणि मुलीला आठशे मंजूर झाले. मागितलेल्या आणि मिळालेल्या रकमेतला फरक महिना अकराशेचा होता. तीन वर्षांचे जवळजवळ चाळीस हजार होतात. आधीच नीट घेतला असता तर सगळे मिळाले असते असं नाही. पण तो हिशेब मी डायरीत मांडून ठेवलाय.

मैत्रिणींनो, ही विद्या कॉलेजात शिकवत नाहीत. ती दुसऱ्याचा पुरावा चालू असताना मागच्या बाकावर बसून शिकावी लागते. आपलं काम संपलं की बार रूममध्ये चहाला जायचा मोह होतो. तिथे न जाता जी ज्युनियर कोर्टात बसून राहते, ती दोन वर्षांत तयार होते. सरतपासणीत आपल्याच साक्षीदाराच्या तोंडी उत्तर घालता येत नाही, उलटतपासात मात्र ‘हो की नाही’ असे सूचक प्रश्न चालतात, हे पुस्तकात एका ओळीत आहे. पण हातात बसायला शंभर साक्षी ऐकाव्या लागतात.

आणखी एक गोष्ट, जी शांत मुलींना चांगली जमते. कान! साक्षीदार ‘कवातरी जातो’ म्हणतो आणि टाइप होतं ‘जात नाही’. कुणाचा वाईट हेतू नसतो, घाई असते. तिथल्या तिथे उठून ‘‘साहेब, साक्षीदार कवातरी म्हणाले’’ एवढं नम्रपणे सांगावं लागतं. दुसऱ्या दिवशी सांगून उपयोग नाही. आपल्या भागातली बोली जिला कळते, तिची इथे शहरातल्या वकिलापेक्षा बाजू वरचढ असते. घरात दहा माणसांत वावरलेल्या बाईला कोण काय बोललं आणि काय गाळलं हे बरोबर कळतं की नाही? तेच.

शोभासारख्या बायकांना साक्षीला उभं करताना मी काही पाठ करून घेत नाही. पाठ केलेलं पहिल्या फटक्यात विसरतं. आधी एकदा रिकाम्या कोर्टात नेऊन पिंजरा दाखवते. कुठे उभं राहायचं, साहेब कुठे बसतात, प्रश्न पुरा होईस्तोवर थांबायचं. माहीत नसेल तर ‘माहीत नाही’ म्हणायचं, त्यात लाज नाही. समोरच्या वकिलानं अचकटविचकट विचारलं तर घाबरायचं नाही; असभ्य, केवळ अपमानासाठी विचारलेले प्रश्न कोर्ट थांबवू शकतं. ही तरतूद १८७२ च्या पुरावा कायद्यात होती आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही आहे.

पोटगीचं कलमही त्याच दिवसापासून १२५ चं १४४ झालं. जुन्या वकिलांच्या तोंडी अजून एकशेपंचवीसच आहे! मोठा बदल मात्र त्याआधी झाला. २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रजनेश विरुद्ध नेहा या खटल्यात सांगितलं की पोटगीच्या प्रकरणात दोन्ही बाजूंनी आपलं उत्पन्न, मालमत्ता आणि देणी शपथपत्रावर द्यायची, आणि पोटगी अर्जाच्या तारखेपासून द्यायची. शोभाच्या वेळी हे असतं तर! अर्थात शपथपत्रातही माणसं खोटं लिहितात. पण आता खोटं सहीनिशी समोर येतं आणि उलटतपासाला धरायला काहीतरी मिळतं.

आता मैत्रिणीच्या लेकीच्या कामाचं थोडं. बारावीनंतर पाच वर्षं किंवा पदवीनंतर तीन वर्षं, असे दोन रस्ते आहेत. सनद घेताना पूर्वी वेगवेगळ्या नावांखाली हजारो रुपये जायचे. जुलै २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की कायद्यात आहे तेवढीच नोंदणी फी घ्यायची, म्हणजे ७५० रुपये. अनुसूचित जाती-जमातींच्या उमेदवारांना १२५. त्यानंतर अखिल भारतीय बार परीक्षा असते. ज्या मुलींना न्यायाधीश व्हायचंय त्यांनीही कोर्टात उभं राहायला लाजू नये. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कनिष्ठ स्तर न्यायाधीशपदाच्या परीक्षेसाठी किमान तीन वर्षांची वकिली आवश्यक ठरवली.

पहिली वर्षं पैशाची ओढाताण असते, हे आईनं आधीच धरून चालावं. मला पहिली दोन वर्षं सरांकडून जाण्यायेण्याचं भाडं आणि दिवाळीला एक पाकीट मिळायचं. घरच्यांना वाटायचं पोरगी फुकट राबते. खर्च भागवायला विधी सेवा समितीच्या पॅनेलचा आधार होतो. स्त्रीला, तिचं उत्पन्न कितीही असो, १९८७ च्या कायद्यानं मोफत वकील मिळतो, आणि ती प्रकरणं पॅनेलवरच्या वकिलांना दिली जातात. मानधन थोडं, पण उलटतपास स्वतःच्या हातात येतो. मोठ्या ऑफिसात दहा वर्षं फायली उचलून जे मिळत नाही, ते इथे मिळतं. मात्र फुकटचं प्रकरण म्हणून वाचन कमी करायचं नाही. माझ्या ऑफिसात यावर भांडण होतं.

राहिला शांतपणा. नाशिकला जन्मलेल्या कॉर्नेलिया सोराबजी १८९२ मध्ये ऑक्सफर्डला कायद्याच्या परीक्षेला बसल्या, पण आपल्याकडे स्त्रियांना वकिली करू देणारा कायदा व्हायला १९२३ उजाडलं. तेव्हाही बायकांचा आवाज, बायकांचा स्वभाव अशीच कारणं पुढे केली जायची. तरी एक कबूल करते, आवाज पोचायला हवाच. मी सकाळी गच्चीवर जाऊन निकालपत्रं मोठ्यानं वाचायचे. शेजारच्या काकूंना वाटायचं मी परीक्षेला बसतेय!

मैत्रिणीची लेक रविवारी येणार आहे. तिला एक जुनी फाइल वाचायला देणार आहे, शोभाची, नावं झाकून. पहिल्या उलटतपासात कुठे थांबायला हवं होतं, तिथे पेन्सिलनं खूण कर म्हणून सांगेन.