वाळू, पाणी आणि माणूस : येरळा नदीचा धडा

निसर्गात दोन प्रकारचे घटक असतात, हे आपण शाळेत शिकलो. सूर्यप्रकाश, हवा, पाणी, माती, वाळू हे निर्जीव घटक. झाडेझुडपे, पशुपक्षी, मासे, सूक्ष्म जीवजंतू आणि माणूस हे सजीव घटक. या दोहोंच्या देवाणघेवाणीतून परिसंस्था बनते. परंतु निर्जीव म्हणजे निरुपयोगी, असा समज आपण करून घेऊ नये. आपल्याच भागातील येरळा नदीचे उदाहरण घेऊ.

येरळा सातारा जिल्ह्यातील खटाव तालुक्यातून सांगली जिल्ह्यात येते व ब्रह्मनाळ येथे कृष्णेला मिळते. हा मुलूख अवर्षणाचा. पावसाळा सरला की पात्र कोरडे दिसते. पण वाळूच्या कणांमधील पोकळ्यांत पाणी साठलेले असते. वरच्या थरामुळे ते उन्हाने लवकर आटत नाही. हळूहळू झिरपत ते काठच्या विहिरींना मिळते. त्यावर पिके, गुरे व माणसे जगतात. वाळू उपसली की पुराचे पाणी न थांबता वाहून जाते आणि विहिरींचे झरे आटतात. खडक झिजून वाळू होण्यास हजारो वर्षे लागतात. ट्रक भरण्यास तासही लागत नाही.

पूर्वीच्या खानापूर तालुक्यातील बलवडी व तांदूळवाडीच्या ग्रामस्थांनी हे ओळखले. १९८०च्या दशकातील दुष्काळात त्यांनी ठेकेदारांच्या बेसुमार वाळूउपशाला विरोध केला. मुक्ती संघर्ष चळवळीच्या साथीने त्यांनी मर्यादित वाळू स्वतः विकण्याचा हक्क मिळविला आणि तो पैसा व श्रमदान यांतून ‘बळीराजा स्मृती धरण’ उभारले. पाणी केवळ जमीनधारकांचे नव्हे, भूमिहीनांचाही त्यात समान वाटा, हे तत्त्व त्यांनी मांडले.

यात आम्हांला दोन गोष्टी महत्त्वाच्या वाटतात. पहिली, निसर्ग जेवढे भरून देतो त्याहून अधिक उपसू नये. दुसरी, वाटप न्याय्य असावे. विहीर आटली तर ऐपतदार बोअर मारतो. शेतमजुराचा रोजगार मात्र बुडतो आणि घरच्या बाईला घागर घेऊन लांब जावे लागते.

२०१२ साली सर्वोच्च न्यायालयाने लहान क्षेत्रातील वाळूउपशासाठीही पर्यावरणविषयक पूर्वमंजुरी आवश्यक ठरविली. तेव्हा आपल्या ओढ्यातून, नदीतून किती वाळू जाते आणि कोणाच्या परवानगीने जाते, हे आपण ग्रामसभेत विचारले पाहिजे. त्यासाठी बांधवांनी व भगिनींनी ग्रामसभेस अवश्य हजर राहावे.