तूर येते, केळी जाते : आयात-निर्यात मुलांना कशी समजावून सांगायची?



आयात म्हणजे बाहेरच्या देशातून माल आणणे आणि निर्यात म्हणजे बाहेरच्या देशात माल पाठवणे. ही व्याख्या मुलं दहा मिनिटांत पाठ करतात. तिच्या जोडीला आणखी एक वाक्य त्यांच्या मनात पक्कं बसतं : निर्यात चांगली, आयात वाईट. मोठ्या माणसांच्याही मनात ते असतंच. पण हे वाक्य अपुरं आहे, आणि ते दाखवायला आपल्याकडच्या दोन वस्तू पुरेशा आहेत. एक तुरीची डाळ आणि दुसरी आपल्या अर्धापूरची केळी.

आपण तूर पिकवतो, तरी देशाला ती पुरत नाही. म्हणून भारत बाहेरून तूर आणतो. म्यानमार, टांझानिया, मलावी हे देश ती पाठवतात. आज आपण मोझांबिक हा आफ्रिकेतला देश घेऊ. त्याची गोष्ट समजली की निर्यात वाढते कशी आणि अडते कुठे, हे दोन्ही कळतं.

मोझांबिक कुठे आहे?

जगाच्या नकाशावर मुंबईवर बोट ठेवा आणि समुद्रातून नैऋत्येकडे सरकवत न्या. आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावर, मादागास्कर बेटाच्या समोर हा देश आहे. मापुतो ही त्याची राजधानी. गोव्यासारखी इथेही पोर्तुगीजांची सत्ता होती. १७५२ पर्यंत तर मोझांबिकचा कारभार गोव्यातूनच चालायचा! १९७५ मध्ये देश स्वतंत्र झाला, पण १९७७ ते १९९२ यादवी युद्धात होरपळला. त्यातून उभा राहणारा हा गरीब देश आहे.

तिथून कोळसा, ॲल्युमिनियम आणि नैसर्गिक वायू मोठ्या प्रमाणात निर्यात होतो. त्यात पैसा खूप असतो, पण तो यंत्रांचा आणि मोठ्या कंपन्यांचा धंदा आहे. त्यात माणसं कमी लागतात. तुरीचा व्यवहार त्या मानाने छोटा, पण त्याचा पैसा लाखो लहान शेतकऱ्यांच्या घरात जातो. झांबेझिया आणि नांपुला हे तिकडचे तुरीचे प्रांत. आपण जशी सोयाबीनमध्ये तूर घेतो, तशी तिथले शेतकरी मक्यात घेतात. गंमत म्हणजे शास्त्रज्ञांच्या मते तूर मूळची भारतातलीच. फार पूर्वी ती आफ्रिकेत गेली आणि आता तिथून परत येते.

पण ते लोक आपल्यासारखं रोज वरण खात नाहीत. त्यामुळे त्यांची बहुतांश तूर विक्रीसाठी असते, आणि गिऱ्हाईक मुख्यतः एकच – भारत. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

त्यांची तूर आपल्याला सोयीची का?

इथे भूगोलाचा उपयोग होतो. मोझांबिक विषुववृत्ताच्या दक्षिणेला आहे, म्हणून तिकडचे ऋतू आपल्या उलट. आपण जून-जुलैमध्ये तूर पेरतो, ती डिसेंबर ते फेब्रुवारीत निघते. त्यांची पेरणी साधारण डिसेंबरात आणि काढणी ऑगस्टच्या आसपास. म्हणजे दिवाळीच्या सुमारास आपल्याकडचा जुना साठा संपत येतो आणि नवी तूर अजून शेतात असते, तेव्हा त्यांची तूर बंदरात उतरते. शिवाय अतिगरीब देशांच्या मालावर भारताने २००८ पासून सवलत दिलेली आहे, तिचा फायदा मोझांबिकला मिळतो.

करार कसा झाला आणि पुढे काय घडलं?

२०१४ आणि २०१५ अशी लागोपाठ दोन वर्षं पाऊस कमी पडला. मराठवाड्याने तो दुष्काळ चांगलाच भोगला आहे. २०१५ च्या दिवाळीआधी तूरडाळ किलोला २०० रुपयांच्या आसपास गेली. गरिबाच्या ताटातलं वरण पातळ झालं. तेव्हा सरकारने बाहेरून तूर आणायची पक्की सोय करायचं ठरवलं. जुलै २०१६ मध्ये भारत आणि मोझांबिक यांच्यात करार झाला. पहिल्या वर्षी १ लाख टन, मग दरवर्षी वाढवत २०२०-२१ पर्यंत २ लाख टन तूर घ्यायची, असं ठरलं. पुढे २०२१ मध्ये या कराराला आणखी पाच वर्षांची मुदतवाढ मिळाली.

मोझांबिकच्या शेतकऱ्याला वाटलं, आता हक्काचं गिऱ्हाईक मिळालं. त्याने तूर वाढवली.

पण त्याच २०१६ साली आपल्याकडे पाऊस चांगला झाला. चढा भाव पाहून आपल्या शेतकऱ्यांनीही तूर जास्त पेरली. देशाचं उत्पादन आदल्या वर्षीच्या सुमारे २५ लाख टनांवरून थेट ४८ लाख टनांच्या वर गेलं! मग व्हायचं तेच झालं. हमीभाव होता क्विंटलला ५,०५० रुपये आणि मोंढ्यात भाव चालला होता चार हजारांच्या आसपास. सरकारी खरेदी केंद्रांबाहेर गाड्यांच्या रांगा लागल्या, बारदाना पुरेना. लातूर-नांदेडच्या शेतकऱ्यांना ते दिवस अजून आठवत असतील.

आपल्या शेतकऱ्याला वाचवण्यासाठी सरकारने ऑगस्ट २०१७ मध्ये तुरीच्या आयातीवर वर्षाला २ लाख टनांची मर्यादा घातली. करारातला माल त्यातून वगळला होता. पण तिकडे करारापेक्षा जास्त तूर पिकून तयार होती, आणि ती विकायला दुसरा बाजार नव्हता. मोझांबिकमध्ये तुरीचे भाव कोसळले. झांबेझियातल्या शेतकऱ्याने काही चूक केली नव्हती. दिल्लीत एक अधिसूचना निघाली आणि त्याच्या खळ्यावरच्या मालाची किंमत गेली.

नंतर पुन्हा तूर कमी पडली, तेव्हा मे २०२१ मध्ये भारताने आयात खुली केली. उलटाही प्रकार घडला. २०२३ च्या अखेरीस तिकडच्या निर्यातदारांच्या वादात नकाला बंदरावर तूर अडकली आणि भारतातले व्यापारी, डाळ मिलवाले चिंतेत पडले. म्हणजे दोर एकाच्याच हातात नसतो.

आता वर्गात विचारा, इथे आयात चांगली की वाईट? डाळ विकत घेणाऱ्या घराला ती आधार देते. मोंढ्यात तूर घेऊन आलेल्या शेतकऱ्याचा भाव ती पाडू शकते. आपल्याकडे तर पुष्कळदा ही दोन्ही माणसं एकाच घरात असतात. जानेवारीत तूर विकणारा शेतकरी दिवाळीत डाळ विकत घेतो!

कच्चा माल की पक्का माल?

मोझांबिककडून येते ती अख्खी तूर. ती भरडून डाळ करण्याचं काम भारतातल्या डाळ मिलमध्ये होतं. हमालापासून मशीनवाल्यापर्यंत सगळ्यांची मजुरी, शिवाय जनावरांना घालायची चुनी, हे सगळं इथे राहतं. लातूर डाळ मिलसाठी का प्रसिद्ध आहे, हे मुलांना इथेच सांगता येतं. माल कच्चा गेला की त्याच्याबरोबर रोजगारही जातो.

मोझांबिकने हे काजूच्या बाबतीत फार महागात शिकलं आहे. स्वातंत्र्याच्या आधी तो जगातल्या सर्वांत मोठ्या काजू उत्पादक देशांपैकी एक होता. युद्धात बागा आणि कारखाने मोडले. १९९० च्या दशकात जागतिक बँकेच्या आग्रहावरून कच्च्या काजूच्या निर्यातीवरचे निर्बंध सैल केले गेले. कच्चा काजू भारतात यायला लागला आणि तिकडचे काजू फोडणारे कारखाने बंद पडले. हजारो कामगार, त्यात कितीतरी बायका, घरी बसल्या. निर्यात चालूच होती, पण हाताचं काम गेलं होतं.

आपली केळी कोणत्या बाजूला?

आता अर्धापूरकडे या. ईसापूर धरणाच्या कालव्याच्या पाण्यावर आपल्या भागात केळीच्या बागा वाढल्या. 'अर्धापुरी' नावाचा केळीचा वाणच आहे. जगातली जवळजवळ पाव केळी भारतात पिकते, पण २०२२-२३ च्या सुमारास जगाच्या केळी निर्यातीत आपला वाटा अगदी थोडा, एक टक्क्याच्या आसपास होता. त्या वर्षी देशातून सुमारे १७.६ कोटी डॉलरची केळी बाहेर गेली. तिचे मुख्य गिऱ्हाईक इराण, इराक, संयुक्त अरब अमिराती, ओमान असे आखाताकडचे देश.

निर्यातीची केळी पिकवणं सोपं नाही. घडाला पिशवी घालायची, फळाला डाग पडू द्यायचा नाही, फण्या धुऊन खोक्यात भरायच्या, मग माल साधारण १३-१४ अंश तापमानाच्या थंड कंटेनरमधून बंदरावर न्यायचा. यापेक्षा जास्त थंडी लागली तर साल काळी पडते. एवढं करूनही आखातात युद्धाचं वारं सुटलं किंवा जहाजं थांबली की बागेत भाव उतरतो. शेतकऱ्याचा दोष नसताना!

म्हणजे तुरीच्या व्यवहारात आपण गिऱ्हाईक आहोत आणि झांबेझियाचा शेतकरी विक्रेता. केळीच्या व्यवहारात आपण त्या झांबेझियाच्या शेतकऱ्याच्या जागी आहोत. निर्यात वाढली पाहिजे, त्याने घरात पैसा येतो हे खरंच. पण किती विकलं एवढंच पाहून चालत नाही. किती गिऱ्हाइकांना विकलं आणि कच्चं विकलं की काही करून विकलं, हेही पाहावं लागतं.

वर्गात करून पाहा

पाचवी ते आठवीसाठी एक तासिका पुरते. मुलांचे चार गट करा : अर्धापूरचा तूर-केळी शेतकरी, लातूरचा डाळ मिलवाला, डाळ विकत घेणारी आई आणि झांबेझियाचा शेतकरी. प्रश्न एकच द्या, 'सरकारने तुरीची आयात बंद करावी का?' प्रत्येक गटाने आपल्या बाजूने उत्तर द्यायचं आणि कारण सांगायचं. मग गट बदला आणि तोच प्रश्न पुन्हा विचारा. गुण देऊ नका, कारण याचं एकच बरोबर उत्तर नाही.

पालकांनी घरी एवढंच करावं. दुकानातून आणलेल्या वस्तूंच्या पाकिटांवर कोणत्या देशाचं नाव आहे ते मुलाला शोधायला सांगा, आणि ते गाव-देश नकाशावर दाखवायला लावा. मुलं काय काय शोधून काढतात, ते खाली नक्की कळवा.